हसू आत ठेवून येणाऱ्या मॅडम

जत न्यायालयातील न्यायाधीश शहापुरे मॅडमना ऐन साक्षीच्या मध्यात हसू येई. ते आवरेनासे झाले की त्या शांतपणे उठत, मागच्या खोलीत जात, दार लावून घेत. आणि त्या बंद दाराआड जे हास्य कोसळे, ते आम्ही वकील मंडळी सुतकी चेहऱ्याने ऐकत बसत असू. परत येऊन त्या गंभीरपणे म्हणत, "हसू आत ठेवून आले आहे. चला पुढे."

त्यांची साताऱ्याला बदली झाल्यापासून बाररूममध्ये एक कथा पसरवली जाते. बिरू मेंढपाळाची फजिती पाहून मॅडम हसल्या, मग त्यांना दया आली, आणि त्या दयेपोटी मेंढा त्याला मिळाला. ही कथा सांगणाऱ्यांपैकी एकही तेव्हा हजर नव्हता. मी होतो; बिरूच्या विरुद्ध उभा होतो.

वाद माडग्याळी जातीच्या एका मेंढ्याच्या मालकीचा. बिरूच्या कळपाची पुढची सारी कोकरे त्या एका मेंढ्यावर अवलंबून होती. मेंढा न्यायालयाच्या आवारात आणला होता; मॅडम पाहणीसाठी तिथे आल्या. मेंढा आपल्याला ओळखतो हे दाखवायला बिरूने लाडाने हाक घातली. मेंढा धावत आला आणि त्याने बिरूला धुळीत लोळवले. आवारात मागची खोली कुठून आणणार? मॅडम सर्वांदेखत डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. बिरूचा चेहरा उतरला. मेंढा हातचा गेला, असे तो धरूनच चालला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला पुढे बोलावले. "काल मी तुम्हाला हसले. माझ्यावर भरवसा उरला नसेल, तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करा. प्रकरण दुसऱ्या कोर्टात जाईल. मला राग येणार नाही."

बिरू विचारात पडला. "आवं बाईसाहेब, घरी सांगितलं तवा बायकू बी लय हसली. तिला बी बदलू का?"

मॅडम उठून आत गेल्या.

त्या परतल्यावर मी माझा हुकमी मुद्दा मांडला: मेंढा आपल्या धन्याला धडक देत नाही. त्यांनी तो तत्काळ बाजूला सारला. "ज्या गोष्टीवर मी इतकी हसले, वकीलसाहेब, तिचं वजन मला नीट करता येणार नाही. धडक वगळून बोला."

धडक वगळल्यावर उरले साक्षीदार. बिरूच्या साक्षीदारांवर माझ्या उलटतपासणीने ओरखडाही उठला नाही, आणि माझी उलटतपासणी सामान्य नसे, हे नमूद करतो. माझ्या अशिलाचे साक्षीदार मात्र मेंढ्याच्या वयावरून आपसातच भांडले. मेंढा बिरूला मिळाला.

दयेची कथा सांगणाऱ्यांना माझे एवढेच विचारणे आहे. हरलेल्या वकिलाइतक्या बारकाईने निकाल दुसरे कोण वाचते? त्यात दयेचा एक कण जरी मला सापडला असता, तर मी सांगलीला अपील केल्यावाचून राहिलो असतो काय?