टँकरच्या सावलीतलं लग्न

मोकळ्या मैदानावरचं लग्न यशस्वी कसं करावं, हे आमच्या सोसायटीतले लोक अजूनही मला येऊन विचारतात, आणि मी सांगेन त्याच्या बरोबर उलट करतात.

धाकटी बहीण वैशाली एवढंच म्हणाली होती, की लग्न बंद हॉलमध्ये नको. पुढचं सगळं डोकं माझं. लालबागहून मीरा रोडला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली होती. ऑफिसच्या सहली काढून काढून मी स्वतःला मोठा आयोजक समजायला लागलो होतो. वरसाव्याला खाडीच्या अलीकडे एक मैदान मिळालं. पश्चिमेला उंच झाडांची रांग, गार वारा, आणखी काय पाहिजे? डेकोरेटर बिचारा मांडवाचं कापड घ्या म्हणून मागे लागला होता. "आकाश झाकायला लग्न बाहेर करतोय का?" असं म्हणून मी त्याला गप्प केलं. (हे वाक्य मला इतकं आवडलं, की घरी येऊन मी ते आणखी तीनदा म्हटलं.)

काळजी एकच होती, आमच्या वडिलांची. आदल्या पावसाळ्यात अण्णांना हार्ट अटॅक येऊन गेला होता, आणि उन्हात बसायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. लेकीचं कन्यादान मात्र त्यांना आपल्या हातानेच करायचं होतं. वैशालीने मला बजावलं, "दादा, बाकी काय वाट्टेल ते कर. अण्णांना सावली पाहिजे." म्हणून मी एकदा नाही, चारदा मैदान पाहून आलो. बोहल्याच्या जागेवर स्वतः उभा राहिलो. चारही वेळा दाट सावली! वहीत तशी नोंद करून खाली दोन रेघा ओढल्या.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी साडेअकराला पोचलो, तर बोहल्यावर रणरणतं ऊन. सावली सगळी झाडांच्या बुंध्याशी जाऊन बसलेली. मैदानाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या काकांना मी चक्क जाब विचारला. त्यांनी आधी तंबाखू मळून घेतली.

"तू यायचास संध्याकालचा," ते म्हणाले. "ती सावली संध्याकालची हाय, दुपारची न्हाय."

ऑफिस सुटल्यावर जायचो, दुसरं कधी जाणार? मुहूर्त होता बारा वाजून वीस मिनिटांचा. सकाळी घर सोडायचं आणि दिवेलागणीला परतायचं, यात नऊ वर्षं गेली. इथली दुपार मी कधी नीट पाहिलीच नव्हती, हे मला तिथे, नव्या सुटात घाम पुसताना कळलं.

तोवर पाहुण्यांनी आपापल्या खुर्च्या उचलून झाडांखाली नेल्या; तिथे आता पाट मांडायलाही जागा नव्हती. बोहल्यावर नवरामुलगा एकटाच फेट्यात शिजत होता. डेकोरेटरला फोन केला, तर कापड दुसऱ्या लग्नाला हाटकेशला गेलेलं. आईने अण्णांच्या डोक्यावर छत्री धरली, ती खाडीच्या वाऱ्याने उलटी केली. अण्णा म्हणत होते, अर्ध्या तासाने काय होतंय, बसतो मी. वैशाली मुंडावळ्या बांधून आली, तिने एकदा बोहल्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे.

"मी नाही इथे उभी राहणार," ती म्हणाली.

मामा मुहूर्त टळेल म्हणून कासावीस, भटजींची नजर घड्याळावर. खोटं कशाला सांगू, मला रडू यायला लागलं होतं.

आणि मला टँकर दिसला. आचाऱ्यांसाठी पाणी घेऊन आलेला. त्याच्या एका अंगाला सात-आठ माणसं मावतील एवढी गार सावली पडली होती. ड्रायव्हर निघायच्या बेतात होता. मी धावत जाऊन हात जोडले, "भाईसाब, आधा घंटा रुक जाओ. बहन की शादी है." त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि डोक्याला रुमाल बांधून मुलीकडच्यांत येऊन उभा राहिला.

मग पाट हलले, होमकुंड हललं, भटजीही हलले. टँकरला टेकून अंतरपाट धरला गेला, अक्षता पत्र्यावर तडतडल्या, आणि अण्णांनी स्वतःच्या हाताने कन्यादान केलं. (फोटोंचे रोल धुऊन आणले, तर एकूणएक फोटोत जोडप्याच्या मागे 'पिण्याचे पाणी'.) व्याही म्हणाले, असं काही आम्हाला सुचलंच नसतं. हा टोमणा होता की कौतुक, ते अजून ठरलेलं नाही.

पंगती उठल्यावर मी अण्णांपाशी गेलो. चुकलं म्हणालो.

"मला एकदा दुपारी तिथे घेऊन जायचंस," अण्णा म्हणाले. "दिवसभर घरीच असतो. ऊन कुठून कुठे जातं, दुसरं बघतो काय मी?"

मला फार लागलं ते. आचारी, डेकोरेटर, ऑफिसातले शिपाई, सगळ्यांचा सल्ला घेतला होता मी. अण्णांना विचारायचं सुचलंच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि दुपारी गॅलरीत अण्णांशेजारी खुर्ची टाकून बसलो. आता ग्रीलवरून खाली उतरेल बघ, असं सांगत ते मला ऊन दाखवत होते. ते उतरलं असणार. मी तोवर घोरायला लागलो होतो. जाग आली तेव्हा सगळ्या गॅलरीत ऊन पसरलं होतं, आणि मी मात्र कोपऱ्यातल्या सावलीत होतो. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केलेल्या माणसाने ऐंशी किलोचा आयोजक खुर्चीसकट तिथवर ओढत नेला होता!