समुद्राकडे तोंड करून

आमच्याकडे चारचौघांनी मिळून धरलेले मासे वाटायचे असले की एकाने पाठ करायची असते. वाळूवर वाटे लावतात. एक जण त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा. मग त्यात काय आलं ते बघून तोंड वाकडं करायचं नाही, दुसऱ्याच्या वाट्यात डोकावायचं नाही. अमुक मासा मला हवा असं तर कुणी म्हणतच नाही. म्हटलं तर एकदाच. पुढच्या खेपेला त्याला कुणी हाक मारत नाही. मोठा मासा वाळूवर कापायचा नाही, हाही नियमच. तो अख्खा एका वाट्यात जातो आणि बाकीच्या वाट्यांत बोयी, कोळंबी, चिंबोऱ्या वाढवून बरोबरी साधायची.

आम्ही तिघे होतो. आमच्यातला कुणीच जन्माने कोळी नाही. भातशेतीची माणसं आम्ही, पण सुट्टीच्या दिवशी सकाळची ओहोटी जुळली की खाडीच्या तोंडाशी जाळं ओढायला जायचो. जाळं दादाचं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, वयाने बराच मोठा. माझे वडील लवकर गेले. पाण्यात उभं कसं राहायचं, जाळ्याचा पाय चिखलात कसा दाबून धरायचा, हे मला त्याने शिकवलं. न्हावा शेव्याच्या बंदरातली नोकरी संपवून तो गावी आला तेव्हापासून भावाभावांच्या वाटण्यांना लोक त्यालाच मध्ये घेतात. त्याने बांध दाखवला की तो बांध.

तिसरा माझा मित्र. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो थळच्या कारखान्यात कंत्राटावर वेल्डिंग करतो. त्याचं घर बौद्धवाडीत, आमचं वरच्या आळीत. खाडीत उतरल्यावर हा फरक राहत नाही, असं मी मानत होतो. जाळ्याचं एक टोक त्याच्याकडे, दुसरं माझ्याकडे, आणि दादा पुढून पाणी बडवत मासा आमच्याकडे हाकायचा.

वाटे मी लावायचो. चार वाटे: तिघांचे तीन आणि एक जाळ्याचा. जाळ्याचा वाटा दादाकडे जायचा; जाळं त्याचं, त्यात वावगं काही नव्हतं. वाटे लावायचा मला फार अभिमान होता, हे सांगितलं पाहिजे. एक कोळंबी इकडची तिकडे करत मी इतका वेळ घ्यायचो की मित्र म्हणायचा, "सोनं तोलतोस काय रं? ऊन चढलं, मासं वाळून सुकट व्हतील." मग दादा समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा, हात मागे बांधून. आधी समुद्राला नमस्कार. "दर्यालाच इचारून सांगतो," म्हणायचा. मी वाट्यांपलीकडे, डोंगराच्या बाजूला उकिडवा बसून एकेका वाट्यावर हात ठेवायचो.

जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला सगळ्यात मानाचा मासा; तो रोज मिळत नाही. मिळाला तर तो कधी माझ्या वाट्यात यायचा, कधी दादाच्या, कधी जाळ्याच्या. मित्राच्या वाट्यात यायचा नाही. तो हसायचा. "माझ्या नशिबात बोय हाय बाबा. बोयीशीच लगीन लागलंय." एकदाच त्याला जिताडा मिळाला होता, श्रावणात. आम्ही त्याला इतकं चिडवलं की त्याने घरी जाताना मासा शर्टात लपवून नेला. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. ही गोष्ट मला तेव्हा लक्षात ठेवण्यासारखी वाटली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी जाळ्यातून शिंगाळा सोडवताना त्याचा काटा माझ्या उजव्या तळहातात गेला. शिंगाळ्याचा काटा ज्याला लागलाय त्याला विचारा. हात खांद्यापर्यंत ठणकत होता. मित्राने आपला रुमाल फाडून घट्ट बांधून दिला. त्याच खेपेला जाळ्यात जिताडा होता, चांगला हातभर. जाळं ओढता ओढताच मित्र म्हणाला होता, "म्हातारा दोन दिवस जिताड्याचं नाव काढतोय. जेवत न्हाय नि जिताडा म्हणतोय." मागितलं नव्हतं त्याने. बापाबद्दल बोलत होता, एवढंच. म्हातारा बरेच महिने अंथरुणावर होता हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आणि जिताडा वाळूवर पडल्यावर मित्र त्याच्याकडे एकदाही बघत नव्हता, इतकं त्याने स्वतःला आवरलं होतं.

वाटे लावले. दादाने नमस्कार केला. उजवा हात उचलवेना आणि डाव्याने मनगट धरलं होतं म्हणून मी बसलोच नाही, उभ्या उभ्या पाय पुढे करून जिताड्याचा वाटा दाखवला आणि विचारलं, "हा कुणाचा?"

दादा ओरडला, "अरे, पाय काय लावतोस? अन्न हाय ते! हात लाव!"

मी चपापलो. पाय मागे घेतला, कसाबसा वाकलो, डावा हात पुढे केला. चूक माझीच होती, अन्नाला पाय लावू नये हे घरातच शिकलोय. मित्र हसत म्हणाला, "दादांना पाठीला बी डोळं हायत!" दादाही हसला. मग त्याने माझं नाव घेतलं. जिताडा माझा.

मी खालीच बघत होतो. सूर्य डोंगरावरून नुकताच वर आला होता, माझ्या पाठीशी. माझी सावली वाट्यांवरून जाऊन दादाच्या पायांच्या कितीतरी पुढे, ओल्या वाळूवर पडली होती. लांबलचक. सावलीतला माझा हात कुठल्या वाट्यावर आहे ते स्वच्छ दिसत होतं. मी दुसऱ्या वाट्यावर हात नेला. सावलीतला हात सरकला. दादा मान किंचित खाली घालून उभा होता. तो नेहमीच तसा उभा राहायचा. मला वाटायचं, समुद्रापुढे मान झुकवतोय.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. जिताडा उचलून मित्राच्या पाटीत टाकायला हवा होता. नाव निघाल्यावर आपला वाटा कुणाला द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, त्याला कुणी आडकाठी करत नाही. मी टाकला नाही. दिला असता तर का देतोस ते मित्राने विचारलं असतं, आणि मग दादासमोर ते तोंडातून निघालं असतं, या भीतीने. मित्र बोयी घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "हाताला हळद लाव." मी जिताडा घेऊन घरी आलो. बायकोने कालवण केलं. मी जेवलो.

पुढचे काही दिवस काय झालं ते सांगणं कठीण आहे. माणूस फसवला गेला की आधी भांडतो, असं लोक धरून चालतात. मी आठवणींत मागे मागे जात राहिलो. कुठला जिताडा कुठल्या दिवशी, तेव्हा ऊन होतं का, आम्ही सुरूंच्या सावलीत वाटे लावायचे म्हटल्यावर दादा "हितं नको, मुंग्या हायत" म्हणत उघड्यावर का न्यायचा. ज्याने मला चिखलात पाय रोवायला शिकवलं, त्याच्याकडे मी प्रत्येक जागी बघत होतो आणि प्रत्येक जागी तो मान खाली घालून उभा होता. आमच्या आणि दादाच्या शेताची वाटणीही त्यानेच करून दिली होती. तो विचार मी अर्ध्यावर सोडला. अजूनही पुरा करत नाही.

शेवटी दादाच्या पडवीत गेलो. तो सुपारी कातरत होता. मी सावलीचं बोललो. मला वाटलं होतं चिडेल, निदान नाकारेल. त्याने सुपारी तोंडात टाकली.

"बरं मग?"

"मग काय दादा? आपण पाठ करतो ती कशाला?"

"तुझ्या ताटात काय वाईट पडलं आजवर? सांग. मी एकट्यानंच खाल्ला काय?"

"त्याला कधीच नाही दिलास."

"तो काय आपल्यातला हाय?" दादा म्हणाला. आवाज चढवून नाही. एखाद्याला रस्ता सांगावा तसं. "त्याला बरोबर घेतो, वाटा देतो, तो बी भरून देतो. आणिक काय करायचं? तुझा बाप गेल्यापासून तुझ्या घरात चांगलं जावं म्हणून बघतोय मी. तू मलाच इचारायला आलास."

आपल्यातला म्हणजे काय ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आणि सगळ्यात वाईट ते हे, की तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरोखरच माझ्या घरासाठी केलं होतं. मी मन लावून कोळंब्या तोलत होतो, आणि माझ्या त्या तोलण्याच्या जोरावर दादा आपल्या माणसांना मासा काढून देत होता. मला न सांगता त्याने मला त्यात घेतलं होतं. तेव्हापासून त्याच्या पडवीत मी गेलेलो नाही. रस्त्यात भेटला तर बोलतो. वहिनींना वाटतं शेताचं काही बिनसलंय.

मित्राला सांगायचं राहिलं होतं. रविवार आला की मी काहीतरी कारण काढायचो: हात बरा नाही, ऑफिसचं काम आहे. तो फोन करायचा, "येत न्हायस व्हय? शिंगाळ्याचा लईच धसका घेतलास." माझ्याशिवाय तो आणि दादा दोघेच गेले दोनदा. तेव्हा वाटे कुणी लावले आणि पाठ कुणी केली, ते मी विचारलं नाही. घरात बसून राहिलो. सांगितलं तर त्याची-माझी मैत्री राहील का, एवढीच मला धास्ती होती, आणि त्या धास्तीपायी मी त्याला पुन्हा त्याच सावलीपुढे एकटा पाठवला. दादाने मला फसवलं असं मी म्हणतो. या दोन रविवारांना काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे.

मग एकदा संध्याकाळी त्याच्या अंगणात गेलो. तो म्हाताऱ्याला पेज भरवून बाहेर आला. म्हातारा आता पेजेशिवाय काही घेत नाही, म्हणाला, चावता येत नाही. मी सगळं सांगितलं. पायाचं, सावलीचं, दादाच्या पडवीतलंही. "आपल्यातला" हा शब्द मात्र गाळला. गाळलेला त्याला कळला असावा. तो ऐकत असताना हाताच्या बोटांवरच्या वेल्डिंगच्या जुन्या डागांवरून अंगठा फिरवत होता.

"तुला कवा कळलं?" त्याने विचारलं.

"शिंगाळा लागला त्याच दिवशी."

"तिथंच?"

"तिथंच."

आतून म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज आला, तसा तो उठला, आत जाऊन परत आला.

"दादांचं मला काय न्हाय," तो म्हणाला. "दादा दादाच हायत. त्यांच्याकडं मी बघतच नव्हतो कवा. वाटं तू लावायचास म्हणून मी निवांत असायचो."

"माझे वाटे खरे होते रे."

"व्हय. वाटं खरं व्हतं." मग म्हणाला, "चहा घेतोस?"

मी चहा घेतला. तो आठवणीने साखर कमी घालतो माझ्यासाठी. त्या दिवशीही कमी घातली.

त्यानंतर तो दादाच्या जाळ्यावर गेला नाही. भांडला नाही, कुणाला सांगितलंही नाही. स्वतःसाठी एक लहान पाग आणला. एकट्याने फेकायचं जाळं ते, त्याला जोडीदार लागत नाही. मी दुरून बघायचो. एका रविवारी धीर करून किनाऱ्यावर गेलो आणि त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्याने मान हलवली. "बरा हायस?" विचारलं. पाग फेकला, ओढला, वाळूवर झटकला. बोयी होत्या, थोडी कोळंबी.

आमच्याकडे जाळं रिकामं करताना कुणी नुसतं बघत उभं असलं, ओळखीचं असो की नसो, तर त्याच्या हातावर मूठभर घालतात. त्याला वाटा म्हणत नाहीत. त्याच्यासाठी पाठ करायची नसते, नाव घ्यायचं नसतं. वाटेने जाणारा पाहुणाही ते घेतो आणि आपल्या वाटेला लागतो.

मित्राने दोन बोयी आणि थोडी कोळंबी उचलली आणि माझ्यापुढे धरली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"घे," तो म्हणाला.

मी "अरे, आपण..." असं काहीतरी सुरू केलं. तो वाट बघत होता, ओंजळीतून पाणी गळत होतं. मी दोन्ही हात पुढे केले. त्याने मासे त्यात सोडले आणि पाग खांद्यावर घेऊन पुन्हा पाण्यात उतरला. उभ्या माणसाने मूठ मिळाल्यावर तिथे थांबायचं नसतं. मी थांबलो नाही.