बंद गॅलऱ्यांची बिल्डिंग

"चित्रातल्या काचा-जाळ्या पुसायच्या म्हणजे? पाटीवरची पेन्सिल आहे का ती, थुंकी लावली की गेली? जस्तात उतरलंय ते, सेक्रेटरीसाहेब. जस्तात!"

"मग दुसरा पत्रा घ्या, वहिनी. बिल्डिंग हीच, फक्त गॅलऱ्या मोकळ्या दाखवा. नकाशात होत्या तशा."

"नकाशात मी राहत नाही."

सोसायटीचा सेक्रेटरी पंपाच्या खोलीच्या दारात उभा. पँटला शाई लागू नये म्हणून एक पाय आत, एक बाहेर. आत ठसेवाली. दारावरच्या पाटीवर तिचं नाव आहे, पण हाक मारताना सगळे ठसेवालीच म्हणतात.

बाप परांच्या बांधायचा. इमारत उभी राहिली की परांची सोडायची आणि पुढची इमारत गाठायची. त्याच्या मागं मागं हिचं लहानपण भिंती नसलेल्या मजल्यांवर गेलं. मोठी झाल्यावर पितळी पाट्या कोरायच्या दुकानात लागली. लोकांच्या दारांवरची नावं खोदता खोदता हात बसला. मग संध्याकाळच्या वर्गात कुणीतरी दाखवलं: जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं ओरखडायचं, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. ओरखडा असेल तिथंच ॲसिड खातं. त्या खाचेत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून दाबलं की चित्राचा ठसा उठतो. झालं, बाई खुळावलीच. भंगारात निघालेलं प्रेस उचलून आणलं आणि सोसायटीच्या हातापाया पडून ही खोली मिळवली.

वर्गातले बाकीचे पडक्या कमानी काढायचे, कडीकोयंड्याचे जुने दरवाजे काढायचे. हिनं पार्किंगचे खांब काढले, लिफ्टचा खड्डा काढला, काचेच्या टॉवरला मागून चिकटलेले एसीचे डबे काढले. इतकं रुक्ष कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायची, "जिथं आख्खा जन्म काढताय, ते रुक्ष होय?"

यंदा राहती बिल्डिंग घेतली. आर्किटेक्टनं प्रत्येक घराला मोकळी गॅलरी दिली होती. लोकांनी ती एकेक करून बंद केली. कुणी काच लावली, कुणी जाळी, कुणी चक्क पत्रा ठोकला. ठसेवालीनं सगळं जसंच्या तसं कोरलं. ते चित्र प्रदर्शनात निवडलं गेलं. उद्घाटनाला पालिकेचे मोठे साहेब येणार. सेक्रेटरी तडक खाली आला, कारण गॅलरी बंद करायची परवानगी एकाकडंही नव्हती.

"साहेब चित्र बघतील आणि दुसऱ्या दिवशी हातोडे पाठवतील! तुमचीही गॅलरी आहे त्यात, वहिनी."

"आहे की. चौथा मजला. सासूबाईंची खाट दिसतेय बघा, आणि त्यांचे पाय. तोंड नाही काढलं म्हणून खूश आहेत त्या. पाय अजून चांगले आहेत म्हणाल्या."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो प्रेसला टेकून हातातल्या पान्याशी चाळा करत होता. "अगं, काच काढायला लावली तर आईला झोपवायचं कुठं? जरा ऐक ना."

"ऐकते की. तुम्हीपण ऐका." तिनं फडक्याला हात पुसले. "आर्किटेक्टनं घर काढलं ते कुणासाठी? ज्याला आई नाही, धुणं नाही, पाहुणारावळा नाही, अशा माणसासाठी. मग आपण राहायला आलो आणि उरलेली बिल्डिंग आपण बांधली. त्याचा नकाशा भिंतीवर लागतो, तर आपलं चित्रही लागू दे. हातोडा आला तर मी खाटेवर बसते सासूबाईंशेजारी. काढा म्हणावं काच." मग सेक्रेटरीकडं वळून म्हणाली, "आणि तुम्ही असं करा, वर जाऊन तुमची खरी जाळी उतरवा. उतरली की मला हाक मारा. चित्रातली जाळी मी घासून काढते, पत्रा झिजला तरी चालेल."

सेक्रेटरीच्या जाळीआड फ्रिज आहे आणि सुनेचं शिवणयंत्र. त्यानं दारावरच्या पाटीकडं पाहिलं. मग म्हणाला, "महिनाअखेर खोली रिकामी करा. सोसायटीला लागणार आहे." आणि आतला पायही बाहेर घेऊन चालता झाला.

"झालं समाधान?" नवरा म्हणाला. "आता हे धूड ठेवणार कुठं?"

"हॉलमध्ये."

"आणि सोफा?"

"काढून टाकू. तसाही टोचतोच."

"हे लिफ्टमध्ये मावेल का?"

"लिफ्टवाले तुम्ही, आणि मला विचारता?"

खिशातली टेप काढून त्यानं प्रेसची रुंदी मोजली, मग उंची. "सुटं करून न्यावं लागेल," स्वतःशीच पुटपुटला.

तिचं तिकडं लक्ष नव्हतं. खोली जायच्या आत उरलेल्या प्रती निघायला हव्या होत्या. तिनं पत्र्यावर शाई फासली, फडक्यानं गोल गोल पुसत आणली, खाचांपुरती ठेवली. पत्रा प्रेसवर सरकवला, ओला कागद दोन्ही हातांनी अलगद पसरला, वर घोंगडी टाकली आणि चाकाला हात घातला.

"मोजून झालं असेल तर धरा पलीकडून."