एकच जड शब्द

मला आलेला पहिला इंग्रजी शब्द ‘थ्रॉबिंग’. ए, बी, सी, डी त्यानंतर कितीतरी दिवसांनी आली, आणि तीही रडतखडत.

याला कारण गोंदियाच्या मालधक्क्यावरचा एक बाबू. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला तो आमच्या सालेकशाकडच्या गावात पाहुणा म्हणून आला होता. त्याच्या मामीच्या हातात बांगडी चढेना, तर हा बाप्या भर गर्दीत उकिडवा बसून तिचा हात दाबून देत होता. मी पाहिलं आणि माझं भानच गेलं. पुढं त्याच घरून मला पाहायला येत असल्याचा निरोप आला, तेव्हा धानाच्या ढोलीमागं जाऊन मी एकटीच नाचले. पण निरोपात एक मेख होती. मुलाचे मामा शाळामास्तर. त्यांना इंग्रजी येणारी भाचसून हवी होती.

मी जेमतेम मराठी शाळेत गेलेली. दादा मॅट्रिकच्या अभ्यासाला लागला होता. तो म्हणाला, “आता एबीसीडीले टाइम नाही. एकच जड शब्द घे. मास्तर लोक जड शब्दाले भेतात.”

“अर्थ काय त्याचा?”

“नखुरडं झालं का बोट कसं एका तालात ठसठसते? तेच. छाती धडधडली तरी चालते.”

झालं! धान कांडताना मुसळ पडलं की थ्रॉबिंग, उचललं की थ्रॉबिंग. पोरीला वारं लागलं, असं आई शेजारणीला सांगत सुटली. मला काय त्याचं! माझे पाय जमिनीवर होतेच कुठं?

पाहुणे आले, मामा-मामींसोबत तोही. लाखोळीच्या डाळीचे वडे झाले. मामांनी चष्मा पुसून विचारलं, “इंग्रजी येते?”

“हो जी.”

“सांग मंग.”

“थ्रॉबिंग.”

मामांचा वडा हातातच राहिला. दारामागून दादानं मूठ उंचावली. पण मास्तर तो मास्तरच. म्हणाले, “वाक्यात सांग.”

वाक्य दादानं दिलंच नव्हतं. बाबांनी डोळे मिटून घेतले. गेलं हे स्थळ, असं वाटून मला रडूच कोसळणार होतं. मग जे खरं होतं तेच तोंडून निघालं.

“माही छाती थ्रॉबिंग करून राहिली.”

“काऊन?”

“तुमच्या भाच्याले पाहून.”

त्या काळी पोरीनं नुसती मान वर केली तरी स्थळ मोडायचं. आईनं कपाळावर हात मारला. बाबा माफी मागायला उठलेसुद्धा. मामी पदरात तोंड खुपसून हसत होती, पण मामांच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. मोठ्यांच्या बैठकीत मुलानं तोंड उघडायची रीतच नव्हती. तरी तो बोलला, खाली मान घालून, कान लाललाल झालेले.

“मामाजी, माहीबी.”