चूल नसलेला किल्ला

भानुदासराव कुठल्याही गोष्टीबद्दल बोलायच्या आधी डोळे मिटायचे. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या फाटकावर ते दूध तपासायला होते. सकाळी मोटारसायकलींची रांग लागायची, दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, आणि हा उंच, वाळका माणूस पांढरा कोट घालून एकेका कॅनचं झाकण उघडायचा, नाक खाली न्यायचा, डोळे मिटायचा. तेवढा वेळ सगळी रांग गप्प. मोठमोठे बागायतदार, पण त्या एका श्वासापुरते परीक्षेला बसल्यासारखे उभे राहायचे. मग एकच शब्द यायचा. ‘घ्या,’ नाहीतर ‘परत.’ फॅट, दुधाचा दाटपणा मोजायची डिग्री, हे सगळं नंतर, कागदासाठी.

माझी त्यांची ओळख ‘परत’नंच झाली. मी तेव्हा कोऱ्हाळ्याहून दूध आणायचो.

“ओ साहेब, कशापायी परत?”

“म्हशीनं गाजरगवत खाल्लंय. दूध कडू हाय.”

“माझी म्हस काय खाती ते मला ठावं. तुमी काय म्हशीला इचारलं व्हय?”

“इचारलं की.” कॅनवर टिचकी मारून म्हणाले, “तिनं खरं सांगितलं. आता मालकाचं बघायचं.”

सगळी रांग हसली. मी पुढे कितीतरी दिवस त्या माणसाशी बोललो नाही. पण दूध दुसरीकडे घातलं नाही. माणूस तिरसट होता, नाक खरं होतं.

भानुदासराव बी. एस्सी. झालेले. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा ते पाळण्यात होते, आणि वडिलांनी त्यांना एकच शिकवलं होतं म्हणे, की कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस, स्वतः बघ. ते त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. बारामतीतून एक साप्ताहिक निघायचं, त्याच्या शेवटच्या पानावर ते परीक्षण लिहायचे. नाटक, तमाशा, सिनेमा, नवं हॉटेल, जे आसपासच्या तालुक्यांत येईल ते. लोक पहिलं पान सोडून ते वाचायचे. मला वाचायला वेळ लागतो, पण मीही वाचायचो. ‘संगीत चांगलं, कथेला डिग्री लागत नाही,’ असं लिहायचे. दूधवाल्यांना लगेच कळायचं, प्राध्यापकांना जरा वेळानं.

त्यांची एक रीत होती. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्यापुढं उभं राहून ते आधी मोठ्यानं वाचायचं, मगच छापायला द्यायचं. इंदापूरला माझी थोरली लेक दिलेली आहे. तिकडे गेलो असताना एका मंडळानं ऐतिहासिक नाटक केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भानुदासराव मांडवात उभे, हातात कागद, आणि नाटकातला सेनापती, मिशीचा गोंद अजून ओठावर, लाकडी तलवार घेऊन त्यांच्या मागं. हे बैलगाडीभोवती फिरत फिरत वाचतायत. म्हणाले, “अहो सेनापती, शेवटचा परिच्छेद ऱ्हायलाय. तेवढा ऐका, मग मारा.” त्या परिच्छेदात दासीचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं एवढं कौतुक होतं, की सेनापतीनं तलवार गाडीवर टाकली. ती बाई त्याची आई होती. मग आम्हा दोघांना चहा मिळाला. आमचं बोलणं तिथून सुरू झालं.

आता खरी गोष्ट सांगतो. माझा सुरेश एमआयडीसीत लेथवर होता. कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला. बायको माझी आधीच गेलेली, लेकी सासरी. हा एकुलता एक पोरगा पुण्याला जातो म्हणायला लागला. मग कुणाकडून तरी त्याच्या डोक्यात आलं आणि बारामतीच्या एस. टी. स्टँडजवळच्या माझ्या गाळ्यात त्यानं तीन कॉम्प्युटर आणून बसवले. काळे पडदे लावले. “तात्या,” म्हणाला, “हे चाललं तर मी हितंच ऱ्हातो. न्हाय चाललं तर मला अडवू नका.” मी रोज देवाला सांगायचो, तो डबा चालू दे.

आणि चालला. त्यात एक लढाईचा खेळ होता, जुन्या काळातल्या कुठल्या तरी परदेशी किल्ल्याचा. समोर नुसता आपला हात दिसायचा. हातात तलवार, नाहीतर बाण सोडायचं यंत्र. बोळातून पळायचं, चाव्या शोधायच्या, समोर येईल त्याला उडवायचं. लोखंडी पोशाखातले शिपाई, बोटांतून जाळ सोडणारे बुवा, उठून चालणारे मुडदे. पोरं शाळा सुटली की तुटून पडायची.

मग एक दिवस गाळ्याबाहेर दोन पोरांची मारामारी झाली आणि एकाचं डोकं फुटलं. ते पोर नानासाहेबांचा नातू निघालं. नानासाहेब म्हणजे मार्केट यार्डातले मोठे आडतदार. ते साप्ताहिकही त्यांचंच. टाके पडलेलं नातवाचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलेलं मी स्वतः पाहिलं. चेहरा दगडासारखा. मला एवढंच म्हणाले, “तात्या, हे दुकान ऱ्हात न्हाय.” पण माणूस हिशेबी. नुसतं फोडलं तर दंगा म्हणतील. म्हणून भानुदासरावांना सांगितलं, “या शनिवारी त्या खेळावर लिहा. इख हाय म्हणून लिहा. मग गाव बघून घेईल.” सगळ्यांना माहीत होतं, भानुदासरावांनी ‘नासलं’ लिहिलं, की ते ओतून द्यायला माणसं येणार. पोरं तर दुसऱ्या दिवसापासून यायची बंदच झाली.

भानुदासराव म्हणाले, “लिहितो. पण आधी चाखतो.”

ड्युटी सुटली की ते यायला लागले. कोट काढून खुंटीला, चष्मा पुसायचा, पैसे टेबलावर. सुरेश म्हणाला, “काका, तुमच्याकडनं काय घ्यायचे?” तर म्हणाले, “फुकटच्या दुधाला वास येत न्हाय रं.” आणि बसले. पहिल्या दिवशी किल्ल्याच्या दारातच मेले. परत मेले. परत.

“सुरेश, माझं पाय कुठं हायत?”

“पाय दाखवत न्हाईत काका.”

“मग मी उभा कशावर हाय?”

सुरेशला हसू आवरेना, पण मला हसू येत नव्हतं. मी दारात उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघायचो. कॅनवर वाकल्यासारखे ते कॉम्प्युटरच्या काचेवर वाकायचे. मध्येच खेळ थांबवून खोल्या मोजल्यासारख्या हिंडायचे. “एवढा मोठा किल्ला, चूल कुठं हाय? पाणी कुठनं आणत्यात?” एकदा एक शिपाई समोर आला तर हे तलवार न चालवता नुसते उभे राहिले. त्यानं यांना कापून टाकलं. “का हो काका?” सुरेश ओरडला. “म्हटलं बघू, सोडून देतोय का.”

गुरुवारी मला राहवलं नाही. बाहेर गाठलं. “भानुदासराव, माझं एवढं पोरगं हाय. तुमच्या हातात हाय.”

“तात्या, अजून चाखून झालं न्हाय.”

“चाखायचं ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं बघा.”

“तुमच्याकडं बघून लिहिलं, तर उद्या नानासाहेबांकडं बघून बी लिहावं लागंल.” आणि सायकलवर टांग टाकून गेले. मी त्यांना मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

शुक्रवारी त्यांनी तो खेळ संपवला. शेवटचा राक्षस पडला आणि काच काळी झाली. हे वाट बघत बसले. “संपलं? ह्यो लढणारा गडी घरी जात न्हाय?” तिथंच बसून त्यांनी लिहून काढलं. तोवर नानासाहेब आले होते. बाहेर पायरीखाली बरीच माणसं जमली होती, काहींच्या हातात गज होते. ऊन अजून उतरलं नव्हतं. सुरेशनं कॉम्प्युटर बंद केले आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. त्यानं मनानं पुण्याची गाडी पकडली होती.

भानुदासराव उभे राहिले. “खेळ बनवणारा सातासमुद्रापार. म्हणून दाखवणाऱ्यापुढं वाचतो.” आणि वाचायला लागले.

“‘हा किल्ला देखणा आहे. मशालीचा उजेड भिंतीवर हलतो तेव्हा काटा येतो. कोपरा वळताना खुर्चीतल्या माणसाची मान वाकडी होते. आमच्या तालुक्यातल्या एकाही नाटकाला हे साधलेलं नाही. पण या किल्ल्यात चूल नाही. विहीर नाही, गोठा नाही. इथं कुणी जेवत नाही, निजत नाही, म्हणून इथं मेलेल्याचं कुणाला काही वाटत नाही. समोरच्याला शरण यायची सोय नाही आणि आपल्याला त्याला सोडून द्यायची सोय नाही. बनवणाऱ्यानं तलवार पाहिली असेल. लढाईहून घरी आलेला माणूस पाहिलेला नाही.’”

नानासाहेबांनी मान हलवली. बाहेर गज जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

“‘ज्या मुलाचं डोकं फुटलं, ते याच दुकानातल्या खुर्चीपायी फुटलं. पोरं पाळीसाठी भांडली. पाळी लावायला तिथं कुणी मोठं माणूस बसत नाही.’”

मी म्हणालो, “भानुदासराव, हे काढा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “‘तरीही हा खेळ विष नाही. पातळ आहे. पातळ दुधानं कुणी मरत नाही. नुसतं त्यावरच वाढलं तर हाडं धरत नाहीत. दुकान फोडून ती धरतील असं मला वाटत नाही.’”

“शेवटचं काढा,” नानासाहेब म्हणाले. “बाकी सगळं छापतो. पहिल्या पानावर.”

“तात्या म्हणत्यात मधलं काढा, तुमी म्हणताय शेवटचं. मग ऱ्हायलं काय? मशाली?”

“माझ्या नातवाचं रगत सांडलंय, भानुदास.”

“व्हय. म्हणून तर मधलं लिहिलं. आणि शेवटचं बी तेवढंच खरं हाय.”

“मग सदर बंद. उद्यापास्नं.”

भानुदासरावांनी डोळे मिटले. ते पान म्हणजे त्यांचा जीव होता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. डोळे उघडले आणि म्हणाले, “बरं.” मग सरळ बाहेर पायरीवर गेले आणि त्या माणसांपुढं पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. रागानं मी पेटलो होतो. ते मधलं वाक्य मला आजही पटत नाही. पण माझ्या पायरीवर उभ्या माणसाला कुणी हात लावायचा नाही. एक जण गज घेऊन वर चढायला लागला. मी म्हणालो, “वाचून होऊ दे. मग आधी मला मार.” तो तिथंच थांबला. भानुदासरावांनी एक शब्द गाळला नाही.

वाचून झालं. मागून कुणीतरी विचारलं, “मग पोरांनी यावं का न यावं, ते सांगा की!”

“यावं. एकट्यानं येऊ नये. आन् आईनं जेवायला हाक मारली की उठावं.”

“आन् न्हाय उठलं तर?”

“तर हे तात्या हायत की. ह्यांच्यापुढं म्हस बी उठती.”

एक हसला, मग दुसरा. हसणाऱ्या माणसाच्या हातात गज जड होतो. हळूहळू माणसं पांगली. नानासाहेबही निघून गेले. आत सुरेश वायरी परत जोडत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी दारात स्टूल टाकून बसलो. त्यांनी लिहिलं म्हणून नव्हे. गाळा माझा आहे. सुरेश बारामतीतच राहिला, तिथंच त्याचं लग्न झालं. भानुदासरावांचं सदर मात्र परत आलं नाही. नाटक बघायला ते जायचेच, लिहायचेही, आणि ज्याचं त्याला वाचून दाखवायचे. छापायला कुठं द्यायचं नाही एवढंच. मी एकदा विचारलं, कशाला मग? म्हणाले, “कॅन आला की वास घेतो मी. सवय हाय.”

दोन-तीन वर्षांनी ते काविळीनं आजारी पडले. बारामतीतल्या दवाखान्यात होते, अंगात काही उरलं नव्हतं. सुरेश रोज डबा न्यायचा. एक दिवस मी तिथं असताना नानासाहेब आले. पिशवीत संत्री. बराच वेळ खाटेशेजारी उभेच राहिले. मग म्हणाले, “भानुदास, बरा हो. सदर परत चालू करू.”

“सगळी वाक्यं छापाल?”

नानासाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं आता हो म्हणतील. मरणाऱ्या माणसाला कुणीही हो म्हणतं.

“न्हाय,” ते म्हणाले.

भानुदासरावांना पिवळ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू आलं. त्यांनी खाटेवर सरकून जागा केली. “बसा नानासाहेब,” म्हणाले. “आता बसा.”