कर्ज मागायला गेलेली नणंद

ये, अशी जवळ बस. दारातूनच "बरी आहेस ना" विचारून पळतेस, ही कसली गं चौकशी? आणि आपल्या घरातली बाई कोर्टात गेली होती, हे तू दुसऱ्यांकडून ऐकलंस. मला विचारायचंस. मी होते तिच्याबरोबर.

ती माझी नणंद. घटस्फोटाचा कायदा तेव्हा नवा होता. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली, तशी ही माहेरी आमच्याकडे आली आणि सरळ अलिबागला जाऊन दावा लावला. घटस्फोट मिळाला. जज्जसाहेब भला माणूस. बाईच्या डोक्यावर ओझं नको म्हणून त्यांनी सगळी देणी नवऱ्यावर टाकली, आणि तो एवढं फेडणार म्हणून हिची पोटगी निम्मी केली. मला वाटलं, सुटली बिचारी.

कसली सुटते! दर उन्हाळ्यात थळ गावच्या पाच कोळणींकडून ती सुकट-बोंबील उधार घ्यायची, पावसाळ्यात आतल्या भातगावांत विकायची, दिवाळीला पैसे पोचवायची. कागद नाही, अंगठा नाही, नुसता शब्द. शेवटच्या वर्षी विक्रीचे पैसे नवऱ्याने उचलले होते. आता त्या पाच जणी त्याच्या दारात गेल्या, तर तो म्हणाला, कागद दाखवा.

हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "वयनी, वरच्या कोर्टान जायाचा हाय. त्यांचा देना माज्या नावावर पायजे."

मी म्हटलं, वन्सं, कर्ज काढून टाका म्हणून लोक अपील करतात, कर्ज द्या म्हणून कोण करतं? वकीलही हसले. ती नाही हसली. निकाल मीच तिला वाचून दाखवला होता. पुडीच्या कागदांवर शिकलेलं माझं वाचन, अडखळत. पण देणी त्याच्याकडे म्हणूनच पोटगी कमी, हे तिने ऐकता ऐकता धरलं होतं. मी वाचून मला कळलं नव्हतं!

तारखेला त्या पाच जणी कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या. टोपल्यांच्या वासाने शिपाई नाक धरून फिरत होता. आत वरच्या साहेबांनी विचारलं, देण्याला पुरावा काय?

"भायेर बसल्यान पाची जनी. एकेकीला इचारा, सायेब. तिच्या न माज्या सांगन्यान एका आन्याचा फरक निंगला त मना घरा धाडा."

साहेबांनी नवऱ्याच्या वकिलाकडे पाहिलं. तो घाईने म्हणाला, देणं बाईंचंच, आमची हरकत नाही. साहेबांनी तसं लिहून घेतलं. मग आमचे वकील उठले. नवऱ्याचं ओझं उतरलं, तर पोटगी निम्मी कशासाठी? नवऱ्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतास.

पोटगी पुरी मिळाली. ती मात्र वर्षभर दोन लुगड्यांवर राहिली, आधी थळची देणी फेडली. मी कुरकुरले, खोटं कशाला सांगू. आपल्या घरातही अडचण होतीच. ती म्हणायची, त्यांच्यासमोरून मान वर करून जायचंय मला.

त्यातल्या एकीची सून परवाच सुकट ठेवून गेली. पैसे कधी, विचारलंदेखील नाही. तुझ्यासाठी बांधून ठेवते. पावसाआधी ये गं, आणि येशील तेव्हा दारातून पळायचं नाही, जेवून जायचं.