भावजींनी लिहून दिलं, आपत्ती नाही

गोपीनाथभावजींचं घर आणि आमचं घर, मधे एकच भिंत. ती पण अशी की तिकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका इकडे. त्यांची शैलजा सातवी पास झाली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी त्यांची बायको उषा त्यांना सांगत होती की पोरीला पुलापलीकडच्या शाळेत घालू या. भावजी म्हणे, लांब आहे, रस्ता बरा नाही. उषा म्हणाली, मी सोडून येत जाईन. तेव्हा भावजींचा आवाज चढला. "मी बाप आहे तिचा. माझी मर्जी." त्यावर उषानं लाटणं तेवढं आपटलं. शैलजा घरी बसली. त्या वेळी बापाला कोणी कागद मागितला नाही.

उषा लवकर गेली. शैलजाचं लग्न झालं, पुढे ती आणि जावई दोघं पीथमपूरच्या कारखान्यात लागले, दोघांच्या शिफ्टा उलट्या. म्हणून नात खुशी आजोबांकडे. भावजींनी तिला इथेच, इंदूरच्या स्नेहलतागंजात, गल्लीच्या टोकाला असलेल्या सरकारी शाळेत घातलं. रोज सकाळी दप्तर यांच्या खांद्यावर आणि पोरगी मोकळी पुढे. मला म्हणायचे, वहिनी, ही बारावी करणार. मी म्हणायची, आधी पाचवी तर होऊ द्या, मग पेढे वाटा.

मागच्या मार्चात खुशीच्या दप्तरातून एक कागद आला, उद्याच सही करून पाठवा म्हणून. झेरॉक्स इतकी काळी की वरचं अर्धं दिसेचना. आता भावजी पन्नास वर्षं इंदुरात, हिंदी फर्राटेदार, भाजीवाल्याशी तर मालवीत भांडायचे. पण वाचायचे मराठीतच. चौथी खानदेशात झालेली. खाली एकच ओळ नीट दिसत होती: मुझे कोई आपत्ति नहीं है। ती त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली. म्हणाले, बघा वहिनी, सरकार विचारतंय, घरात काही संकट तर नाही. मी पण शहाणी, म्हटलं चांगलंच आहे, इतकं तर आपली पोरंही विचारत नाहीत. भावजींनी सही केली, आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, "देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे."

जूनमध्ये शाळेला कुलूप. मुलं कमी, म्हणून शाळा मर्ज केली, पुलापलीकडच्या त्याच शाळेत. मग कळलं की तो कागद त्याचाच होता, आणि हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत.

भावजी शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले. बाबूनं फाइल काढून सही दाखवली. देवाची कृपा पण दाखवली, शेजारच्या टेबलाला हसवत. भावजी म्हणाले, चुकलं माझं, आता लिहून देतो की हरकत आहे. बाबू म्हणाला, "आप नहीं दे सकते दादाजी, आप तो नाना हो. आपत्ति माँ-बाप की ही लगेगी."

"तो ये दस्तखत किसके हैं?"

"वो तो सहमति है. उसमें चलता है."

शैलजा एक दिवसाचा पगार सोडून आली. तिला सांगितलं, तारीख निकल गई. भावजी तरी जात राहिले, दर सोमवारी, इस्त्रीचा शर्ट घालून. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी लंच. गल्लीतल्या काही बायका म्हणाल्या, तिकडे कंप्यूटर आहे, काय एवढं धरून बसलात. असेल की कंप्यूटर. पण विचारायचं नाटक करायचं तर नीट अक्षरात तरी विचारा ना. मला अजून चीड येते.

एकदा ओट्यावर बसून गुडघा चोळत भावजी म्हणाले, "वहिनी, तेव्हा मी नको ते बोललो, तर कोणी अडवलं नाही मला, बाप होतो ना. आता कुठे बोलायचं ते बोलतोय, तर म्हणतात तुम्ही कोण."

मी त्यांना चहा दिला.

शेवटी त्यांनी ऑफिस सोडलं आणि पूल धरला. एका हातानं कठडा, खांद्यावर दप्तर. मी म्हटलं, गुडघा जाईल. म्हणाले, गुडघा जाऊ दे, ही घरी बसायची नाही. आणि एक दिवस नागा नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी पडल्यापडल्या गेले. आता शैलजा कारखाना सोडून इथेच आलीय, खुशीला तीच नेते.

गेले त्या दिवशी सकाळीही ते खुशीला घेऊन पूल चढले, फाटकातून ती आत जाईपर्यंत उभे राहिले असतील, रोज राहायचे. परत येताना तिकडच्या ठेल्यावरून माझी कोथिंबीर घेतली, खिडकीत ठेवली आणि रोजच्यासारखं बाहेरूनच म्हणाले, "वहिनी, पोहोचली पोरगी."

मी आतून म्हटलं, "हाव, बरं."